पोळ्यांचा हिशोब

ताई, नमस्कार.

मी 14 वर्षांपासून न्यू जर्सीत राहते. नोकरी, घर आणि उरलेल्या वेळात थोडं लेखन. आमच्याकडे आठवड्यातून चार दिवस डबा असतो, एका मराठी कुटुंबाच्या पोळी-भाजी केंद्रातून. तिथे मागच्या बाजूला पोळ्या करणारे एक गृहस्थ आहेत. मी त्यांना दादा म्हणते. डबा घ्यायला गेलं की दोन शब्द बोलणं व्हायचं, हळूहळू दोनाचे वीस झाले. मग कळलं की त्यांच्याकडे अमेरिकेत राहण्याच्या परवानगीचे कागद नाहीत. गेली 11 वर्षं ते गावी गेलेले नाहीत. आई गेली तेव्हा धाकट्या भावाने अग्नी दिलेला त्यांनी फोनवर पाहिला आणि तासाभराने परत पोळ्यांना लागले. सहा दिवस काम, सकाळी 9 ते रात्री 9, आठवड्याचे 600 डॉलर रोख, राहायला तळघरात खोली.

यावर मी दिवाळी अंकासाठी एक दीर्घकथा लिहिली. आमच्या वाचनगटात वाचून दाखवली तर तिघी-चौघी रडल्या. एक मैत्रीण मात्र म्हणाली, ‘छान आहे, पण हे सगळं कुठेतरी आधी वाचल्यासारखं वाटतं.’ नवऱ्याचं वेगळंच. तो म्हणतो, ‘आपण ग्रीन कार्डसाठी 12 वर्षं रांगेत उभे राहिलो. यांनी कायदा मोडला आणि तू त्यांची आरती ओवाळतेस.’ केंद्राचे मालक आमच्या मंडळातले, चांगले ओळखीचे. कथेत मी त्यांना देवमाणूस दाखवलंय, कारण दादांना खरोखरच त्यांनी आसरा दिला. दादांना मी कथेबद्दल अजून सांगितलेलं नाही. नाव अर्थातच बदललंय. अंकाची मुदत जवळ आली आहे. पाठवू का?

(नाव न छापण्याच्या विनंतीवरून)


स.न.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सोबतची कथा एकदा सलग वाचली आणि एकदा पेन्सिल हातात घेऊन. उत्तर आधी सांगते: या वर्षी पाठवू नका. कथा टाकाऊ आहे म्हणून नव्हे. बरीचशी ती अजून झालेलीच नाही, आणि जेवढी झाली आहे तेवढी दादांना गोत्यात आणायला पुरेशी आहे.

गोत्याचं आधी बोलू. वर छापलेलं पत्र तुमचं असलं तरी त्यात मी हात घातलाय. मूळ पत्रात गावाचं नाव होतं, दादांच्या अंगावरची एक ठळक खूण होती, केंद्राची पाटी होती आणि ते अमेरिकेत कुठल्या वाटेने आले याची महिन्यासकट हकिगत होती. कथेत ते सगळं जसंच्या तसं आहे, फक्त नाव तेवढं बदललंय. अहो, माणूस नावावरून कोण ओळखतो? तुमच्या मंडळातल्या कुणालाही पहिल्याच पानावर कळेल. दिवाळी अंक पूर्वी परदेशात पोचेपर्यंत होळी यायची. आता कथेच्या पानांचे फोटो नरकचतुर्दशीच्या सकाळी तुमच्याच मंडळाच्या ग्रुपवर येतात. म्हणून मी गाव, खूण, वाट हे सगळं गाळलं आणि आकडे थोडे इकडेतिकडे केले. राज्याचं नाव ठेवलं, कारण न्यू जर्सीत डबे पुरवणारी आपली स्वयंपाकघरं इतकी आहेत की त्यातलं नेमकं एक बोटाखाली येणार नाही.

मी फार घाबरते आहे असं वाटत असेल तर 5 फेब्रुवारी 2025 आठवा. त्या दिवशी अमेरिकेचं लष्करी विमान 104 भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. वाटेत त्यांच्या हातात बेड्या होत्या, पायांत साखळ्या. गुजरात, हरियाणा आणि पंजाबचे बहुतेक. महाराष्ट्रातलेही 3 होते. आपल्याकडे चार दिवस टीव्हीवर गरमागरम चर्चा झाली आणि विषय संपला. पोळपाटासमोर 11 वर्षं उभ्या असलेल्या माणसासाठी तो संपला नसणार.

आता तुमची मैत्रीण. तिच्यावर रागावू नका, त्या गटात नीट ऐकलं ते तिनेच. कथेतला सगळ्यांत रडवणारा प्रसंग म्हणजे फोनवर पाहिलेला आईचा अंत्यविधी. पण 2020 सालच्या टाळेबंदीत असा अंत्यविधी किती जणांनी पाहिला! त्यात ग्रीन कार्डवाले होते, नागरिकत्व घेतलेले होते, पुण्यातून मुंबईला न जाऊ शकलेलेही होते. तेव्हा ते दुःख एकट्या दादांचं नाही. एकट्या दादांचं काय आहे ते बघा. तुम्ही लिहिलंय, ‘त्यांना जाता येत नव्हतं.’ हे खरं नाही. जाता येत होतं. तिकीट काढलं असतं तर दुसऱ्या दिवशी ते मुंबईत उतरले असते. येता आलं नसतं. 1996 च्या अमेरिकन कायद्यानुसार वर्षभराहून जास्त बेकायदा राहिलेला माणूस देश सोडून गेला की साधारणपणे पुढची 10 वर्षं त्याला परत प्रवेश नाही. म्हणजे फोन आल्यापासून पोळ्यांना लागेपर्यंतच्या त्या तासात दादा फक्त रडत नव्हते, ते हिशोब करत होते. मुलाची फी किती राहिली, घराचे हप्ते किती, तिकडे गेल्यावर महिन्याला काय मिळेल, भाऊ काय म्हणेल, सुतक संपल्यावर गाव काय म्हणेल. आणि त्या हिशोबात आई हरली. असा हिशोब केल्यावर माणूस स्वतःकडे पुन्हा कसा बघतो? तुमची कथा त्या तासात आहे. त्या तासाला तुम्ही दोन ओळी दिल्यात आणि चितेच्या ज्वाळांना दीड पान.

चिमामांडा न्गोझी अडिचीच्या ‘अमेरिकाना’ (2013) या कादंबरीतला एक प्रसंग सांगते. ओबिन्झे नावाचा नायजेरियन तरुण लंडनमध्ये दुसऱ्याच्या नावावर काम करतोय. ते नाव आणि त्यासोबतचा नॅशनल इन्शुरन्सचा, म्हणजे तिथे नोकरीसाठी लागणारा सरकारी, नंबर त्याने पगारातला हिस्सा द्यायच्या बोलीवर जणू भाड्याने घेतलाय. एक दिवस तो गोदामात पोचतो तर सगळे त्याच्याच वाटेकडे डोळे लावून उभे. त्याला वाटतं, संपलं, पकडलं. आणि सगळे एका सुरात ‘हॅपी बर्थडे’ ओरडतात! वाढदिवस असतो नावाच्या मूळ मालकाचा. याच्या ध्यानीमनीही नसतो. पुढे तो नाववाला आपला हिस्सा वाढवून मागतो, ओबिन्झे लक्ष देत नाही, आणि थोड्याच दिवसांत कामावरच्या साहेबाला फोन जातो की हा माणूस बेकायदा आहे. कागद नसणं म्हणजे काय हे त्या वाढदिवसावरून जितकं कळतं तितकं दहा सीमा ओलांडून कळत नाही. प्रेमाने टाकलेली हाकसुद्धा धाडीसारखी ऐकू येते. असा एखादा प्रसंग तुमच्या वहीत आहे का ते शोधा. मला एक सापडला. दादा कधीच पुढच्या काउंटरवर येत नाहीत, एकदा आले तेव्हा कुणाचा तरी सेल्फी चालला होता आणि ते पाण्याचा जग तोंडासमोर धरून वळले, असं तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय. कथेत ते नाहीच!

एक चूकही दाखवते, कारण तिच्या पोटात चांगली गोष्ट दडली आहे. कथा 2023 मध्ये घडते आणि कागद नाहीत म्हणून लायसन्स मिळत नाही, म्हणून दादा बर्फातून चालत दुकानात जातात. न्यू जर्सीत मे 2021 पासून कागद नसलेल्यांनाही साधं ड्रायव्हिंग लायसन्स काढता येतं. कायदा 2019 च्या डिसेंबरमध्ये झाला. तुमचा जाणकार वाचक इथेच कथा मिटेल. पण मग खरे दादा लायसन्स का काढत नाहीत? तुम्हीच विचारा. माझा अंदाज असा की राज्याने कितीही सांगितलं तरी आपलं नाव, पत्ता आणि फोटो सरकारी संगणकात आपल्या हाताने भरायला त्यांचं मन घेत नाही. सवलत दारात उभी असते आणि माणूस कडी काढत नाही. ‘कायदा देत नाही म्हणून चालतो’ यापेक्षा ‘कायदा देतो तरी चालतो’ हे लिहायला अवघड आहे. तेच लिहा.

आता तुमच्या देवमाणसाकडे येते. इथे जरा थांबणार आहे.

घसान कनाफानी या पॅलेस्टिनी लेखकाची 1963 सालची एक लघुकादंबरी आहे, इंग्रजीत तिला ‘मेन इन द सन’ म्हणतात. इराकमधून चोरून कुवेतमध्ये शिरण्यासाठी तीन माणसं पाण्याच्या रिकाम्या टँकरमध्ये लपतात. सीमेवरच्या चौकीत कारकून ड्रायव्हरची थट्टा करत बसतात, बसऱ्याच्या एका नाचणारीवरून. सह्या लांबतात. तोवर आत तिघे उन्हाने मरतात. त्या कारकुनांनी विशेष काही केलेलं नसतं. ते खेळीमेळीत होते, इतकंच. कागद नसलेल्यांच्या गोष्टींत एजंट, सीमेवरचा पोलीस, तस्कर असे खलपुरुष सहज मिळतात. अवघड असतं ते हसतमुख माणसाला पानावर आणणं.

किरण देसाईंच्या ‘द इनहेरिटन्स ऑफ लॉस’ला 2006 चं बुकर मिळालं. त्यातला बिजू कालिम्पाँगच्या एका स्वयंपाक्याचा मुलगा. न्यूयॉर्कमध्ये एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात वणवण करत शेवटी तो गोमांस न रांधणाऱ्या, आपल्या माणसाच्या, गांधींचं नाव लावलेल्या हॉटेलात येतो. मालक कामगारांना झोपायला तिथेच जागा देतो. न्यूयॉर्कमध्ये फुकट जागा! आणि त्या उपकाराच्या बदल्यात पगार किमान वेतनाच्या चौथाईवर आणतो, टिपा स्वतःकडे ठेवतो. बिजू सडलेल्या पालकावरून घसरून गुडघा मोडून घेतो तेव्हा मालक डॉक्टर आणत नाही. उलट भारतात जाऊन इलाज करून घे, असा वडीलधारा सल्ला देतो. हा मालक राक्षस नाही. त्याच्याकडे देव आहे, देशप्रेम आहे, कामगारांबद्दल कळवळाही आहे. तो कळवळा फक्त पगाराच्या पाकिटापर्यंत पोचत नाही.

आता तुमचे आकडे घेऊन बसू. कागद-पेन घ्या. 9 ते 9 म्हणजे 12 तास, जेवणाचा एक तास वजा केला तर 11. सहा दिवसांचे 66 तास. न्यू जर्सीचा 2025 चा सर्वसाधारण किमान दर तासाला 15.49 डॉलर, आणि आठवड्याला 40 तासांच्या वर दीडपट. पहिल्या 40 तासांचे 619.60, उरलेल्या 26 तासांचे 604.11. एकूण 1,223.71 डॉलर. दादांना मिळतात 600, म्हणजे तासाला नऊच्या आसपास. आठवड्याला 623 डॉलर कमी, वर्षाचे 50 आठवडे धरले तर 31,000 च्या वर. तळघराच्या खोलीचं भाडं महिन्याला 800 धरा, भलं मोठं धरा, तरी वर्षाला 21,000 डॉलरपेक्षा जास्त रक्कम दादांकडून मालकांकडे जाते. आसरा कोणी कुणाला दिला? कथेत ‘मालकांनी त्यांना आधार दिला’ हे वाक्य आहे ना, ते खोडून तिथे हा हिशोब मांडा आणि बाकी काही बदलू नका. मालकांना दुष्ट करायची गरज नाही. आई गेली त्या दिवशी त्यांनी दादांना चहा करून दिला, ते तसंच राहू द्या. नवरात्रात ते दादांना साडेतीन शक्तिपीठांची गोष्ट सांगतात, तेही. चहाही खरा आणि 21,000 ही खरे.

ऊसतोडीच्या टोळीत उचल आणि मुकादम हे शब्द ज्या मराठी वाचकाने ऐकलेत त्याला यातलं काहीच नवं वाटणार नाही. तुम्हालाही नवं वाटलं नसतं, पण मालक मंडळातले पडले.

आणि तुम्ही? कथेतली निवेदक हळवी आहे, दादांची विचारपूस करते, घरी येऊन डायरी लिहिते. ती डब्याचे किती पैसे देते ते कथेत कुठेच नाही. डबा स्वस्त का पडतो हे तिला कधी सुचत नाही. तिला सुचू द्या. पश्चात्तापाचं स्वगत मात्र लिहू नका, ते वाचवत नाही. नुसतं एकदा तिने डब्याचं बिल दादांच्या तासांनी भागून बघावं आणि पुढच्या आठवड्याची ऑर्डर नेहमीप्रमाणे द्यावी.

तुमच्या नवऱ्यावर माझा जीव जडलाय, खरं सांगते. तुमच्या कथेत तो नाही आणि असायला हवा, कारण कथेतला सगळ्यांत प्रामाणिक राग त्याचा आहे. 12 वर्षं नोकरी बदलता न येणं, प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतली आपली जागा ठरवणारी तारीख, सरकण्याची वाट बघणं, वडिलांच्या आजारपणात व्हिसाचा शिक्का मिळेल का या धास्तीने तिकीट पुढे ढकलणं, या सगळ्याचा राग कुठेतरी निघणारच. पण त्याला एक विचारा: दादांनी कुठल्या रांगेत उभं राहायचं होतं? फारसं शिक्षण वा कौशल्य लागत नाही अशा कामांसाठी अमेरिकेच्या कायमच्या व्हिसाची मर्यादा साऱ्या जगासाठी मिळून वर्षाला 10,000 आहे, आणि त्यातही एका देशाच्या वाट्याला थोडेच. त्याची रांग लांब होती, दादांची जवळपास नव्हतीच. त्याला हे पटणार नाही. पटवू नका. कथेत दोघांना एका टेबलाशी आणा, मधे डबा ठेवा आणि बोलू द्या.

कायदा मोडल्याबद्दल म्हणाल, तर अरविंद अडिगांची ‘अ‍ॅम्नेस्टी’ (2020) नवऱ्याला वाचायला द्या. डॅनी हा श्रीलंकेचा तमिळ सिडनीत विद्यार्थी व्हिसावर आला आणि मुदत संपल्यावर राहिला. पाठीला व्हॅक्यूम बांधून लोकांची घरं साफ करतो, किराणा दुकानाच्या कोठीत झोपतो. ज्यांचं घर साफ करायचा त्यांतल्या एका बाईचा खून होतो आणि खुनी कोण असावा याचा अंदाज याला असतो. पोलिसांना फोन केला तर खुनी सापडेल आणि हाही हद्दपार होईल. सगळी कादंबरी एका दिवसाची. सज्जन नागरिकाचं कर्तव्य करायचं तर आधी नागरिक असावं लागतं, नाहीतर ते कर्तव्य फार महाग पडतं. नवऱ्याने डॅनीच्या जागी काय केलं असतं, हे जेवताना विचारून बघा.

नाव बदलण्याचं म्हणाल तर त्यापलीकडे बदला. गाव बदला, वय बदला, पोळ्यांऐवजी दुसरं काम द्या. हवं तर दादाची ताई करा. पण अमेरिकेत येण्याची वाट बदलताना सावध राहा, कारण वाट बदलली की नशीब बदलतं. तुमचं पात्र पर्यटक व्हिसावर येऊन राहिलेलं असेल तर अमेरिकन नागरिकाशी खरं लग्न झाल्यावर त्याला तिथल्या तिथे कागद मिळू शकतात. सीमा चोरून ओलांडली असेल तर साधारणपणे मिळत नाहीत, आधी देश सोडावा लागतो आणि सोडला की ती 10 वर्षं. आणि रत्नागिरीकडची बरीच पोरं जहाजावर जातात, त्यांतला एक बंदरावर उतरला आणि परत चढलाच नाही असं केलंत, तर त्याची गोष्ट सगळ्यांत वेगळी. खलाशाला किनाऱ्यावर जास्तीत जास्त 29 दिवस राहण्याची परवानगी असते. तिसाव्या दिवशी तो बेकायदा. आणि खलाशी म्हणून उतरलेल्याला साधारणपणे नागरिकाशी लग्न करूनही तिथे राहून ग्रीन कार्ड मिळत नाही. म्हणजे त्याच्या प्रेमकथेतसुद्धा कायदा उशाशी बसलेला. हे जाणून लिहिलंत तर कथानक तुम्हाला रचावं लागणार नाही.

आणखी एक बारीकशी गोष्ट, म्हटली तर मोठी. तुमच्या कथेत दादांना आडनाव नाही. वाचनगटात कुणी विचारलं का हो? संजीव सहोतांच्या ‘द इयर ऑफ द रनअवेज’ (2015) मध्ये तोची हा बिहारचा दलित तरुण इंग्लंडात जातो. तिथल्या एका पंजाबी घरात त्याच्या लग्नाचं बोलणं निघतं आणि जात कळल्यावर त्याला बाहेर काढतात. पासपोर्टवर काही असो नसो, ही नोंद सोबत प्रवास करते. मालक दादांना पोळपाटाशी उभं करण्याआधी आडनाव विचारून गेले असतील का, एवढाच माझा प्रश्न. उत्तर तुम्हाला माहीत असेल.

राहिला परवानगीचा मुद्दा. 2020 च्या जानेवारीत अमेरिकेत ‘अमेरिकन डर्ट’ नावाची कादंबरी आली. मेक्सिकोत पुस्तकांचं दुकान चालवणारी बाई मुलाला घेऊन अमेरिकेकडे पळते, अशी गोष्ट. ओप्रा विन्फ्रींनी ती आपल्या बुक क्लबसाठी निवडली, पुस्तक धडाक्यात खपलं, आणि लॅटिनो लेखकांनी लेखिका जनीन कमिन्स आणि प्रकाशक दोघांना धारेवर धरलं. शेवटी प्रकाशकाला लेखिकेचा दौरा रद्द करावा लागला. बाहेरच्याने लिहूच नये असं मी मानत नाही. तसं मानलं तर माझी निम्मी कपाटं रिकामी होतील. पण त्या पुस्तकाच्या मेजवानीत टेबलांवर काटेरी तारांची सजावट होती, तिचे फोटो फिरले आणि लोक जे चिडले ते मला समजतं. दुसऱ्याला ओरबाडणारी तार आपल्या फुलदाणीला शोभेसाठी गुंडाळायची. तुमच्या कथेत ती तार म्हणजे चितेचं दीड पान. काढा ते.

दादांना सांगायचं ते असं सांगा की त्यांना ‘नको’ म्हणता येईल. हे वाटतं तितकं सोपं नाही. तुम्ही त्यांच्या मालकाच्या मैत्रीण आहात, गिऱ्हाईक आहात, आणि तुम्हाला त्यांचं सगळं ठाऊक आहे. अशा बाईला तोंडावर नकार कोण देईल? म्हणून ‘छापू ना?’ असं विचारू नका. कथा पूर्ण वाचून दाखवा, मालकांचा हिशोबसुद्धा. मग आठ-दहा दिवस जाऊ द्या. उत्तर आलं नाही तर तो नकार समजा. खोडायला सांगितलेलं खोडा. आणि कौतुकाच्या भरात ते म्हणाले की माझं खरं नाव घाला, तर तुम्ही घालू नका.

हिशोब वाचून दाखवाल तेव्हा एक गोष्ट त्यांच्या कानावर घालाच. किमान वेतन आणि ओव्हरटाइमचे कायदे कागद नसलेल्यांनाही लागू आहेत. न्यू जर्सीच्या 2019 च्या कायद्याने मागच्या 6 वर्षांपर्यंतचं थकलेलं वेतन मागता येतं आणि वर त्या रकमेच्या 200 टक्क्यांपर्यंत भरपाई मिळू शकते. मागायचं की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवायचं, कामगारांचे दावे लढणाऱ्या वकिलाशी बोलून. ‘सगळं करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाकडे जाऊ देऊ नका. तुम्ही परस्पर तक्रार करू नका. मालकांना सुचवूही नका. त्यातून तुमचं मन मोकळं होईल आणि दादांची खोली जाईल.

तेव्हा त्यांच्या सुट्टीच्या दिवशी भेटा. केंद्रात नको, तुमच्या घरीही नको, कुठल्याशा बागेतल्या बाकावर. वही न्या, फोन पिशवीत ठेवा. आणि त्या दिवशी डबा तुम्ही करून न्या. पोळ्या जमत नसतील तर भात चालेल.